दुसरी प्रत

जोयाचा प्रबंध मंजूर झाला, तशी कॉलेजची ग्रंथपाल ऋतिका हिने कपाटातून हार्ड डिस्क काढून तिच्यापुढे ठेवली. कापड विणणाऱ्या लूमच्या आवाजाने येणाऱ्या बहिरेपणावर जोयाने निजामपुऱ्यातल्या कामगारांच्या मुलाखती रेकॉर्ड केल्या होत्या. हा डेटा कुठे ठेवायचा, कोणी ऐकायचा, कधी पुसायचा, हे सगळं ऋतिकानेच तिला आधी बसवून लिहायला लावलं होतं. जोयाने तेव्हा नाक मुरडलं होतं. "एक प्रत तुझ्याकडे, दुसरी इथे कुलुपात. काम झालं की दोन्ही पुसायच्या. माणसांना शब्द देतोय आपण," ऋतिकाने ठणकावलं होतं.

त्या माणसांत ऋतिकाचे वडील दौलतही होते. जन्मभर लूमवर उभं राहून कान गेलेले. दिवाळीच्या आधी ते वारले.

"मॅडम, त्यांची तेवढी ठेवू या ना. कोण विचारणार आहे?"

"त्यांनीही पुसायचं म्हणूनच सही केली होती. पूस."

जोयाने पुसलं. ऋतिकाला काहीच वाटलं नाही. हल्ली वाटतच नसे.

"इतके महिने तुमच्याच कपाटात होती. एकदाही ऐकली नाहीत?"

"ऐकणाऱ्यांत माझं नाव नव्हतं," ऋतिका म्हणाली आणि रिकाम्या कपाटाला कुलूप लावलं.

घरी चपला काढतानाच तिने नेहमीसारखी मोठ्ठ्याने हाक घातली, "आले गं मी!"

आई दचकली. "वरडतेस कशाला? घरात आता बहिरं कोन हाय?"