दिवाकरच्या हातातलं वजन

दिवाकर आणि गुलाबराव एका पोत्याची दोन टोकं धरूनच म्हातारे होत आले होते. दोघं भंडाऱ्याकडच्या एकाच गावचे. हिंदी मुलखात, गुढियारीच्या धान्यबाजारात तांदळाची पोती चढवायला आले आणि इथलेच झाले. दिवाकरनं "हव" म्हणायचं, दोघांनी झोका द्यायचा, की पोतं गाडीत. मधे गुलाबराव गाडीवरून पडला, पाठ गेली, कितीतरी दिवस खाटेवर होता. पण उठला आणि पुन्हा पोत्याला भिडला.

"पाहा बे," तो बाजारातल्या हमाल पोट्ट्यांना ऐकवायचा, "पाठ मोडली, पन जोर नाही गेला!"

दिवाकर नुसता हसायचा.

त्या उन्हाळ्यात कॉलेजातली रुचिता आली. जड कामात शरीराला किती ताण पडतो, त्याचा अभ्यास करून राहिली होती. तिनं दोघांच्या छातीला पट्टे बांधले, जोर मोजणारे हातमोजे घातले, मोबाइलवर चित्रण केलं. आठवड्यानं परत आली ती थोडी अवघडूनच.

"दिवाकरकाका, आपका दिल बहुत जोर से धडकता है. डॉक्टरले दाखवा. पोत्याचं जास्त वजन तुमच्याच हातात येते."

"मशीन बिघडली असन तुही," गुलाबराव हसला.

तिनं मोबाइल पुढे केला. झोका द्यायच्या वेळी दिवाकरचा हात पोत्याखालून सरकत पार गुलाबरावच्या बाजूला जात होता. मागे उभे पोट्टे फिदीफिदी हसले.

गुलाबरावचं तोंड उतरलं. "कवापासून करून राहिला हे?"

"तू पडला तवापासून."

"मले लुळा समजला काय बे?"

"नाही गा. तुले कामावरून काढलं असतं मुकादमानं. मंग म्या कोनासंगं उचललं असतं?"

"भीक घातली तू मले! सगळ्याईसमोर उघडा पाडला!"

"म्या कोठं सांगतलं? मशीननं सांगतलं."

गुलाबराव त्याच पावली मुकादमाकडे गेला आणि पोत्यांची तोंडं शिवायचं काम मागून घेतलं. दिवाकरला बीरगांवचा इंद्रजीत जोडीला मिळाला. दुपारी दिवाकर डबा घेऊन गुलाबरावजवळच येऊन बसायचा, जवसाची चटणी त्याच्याकडे सरकवायचा. गुलाबराव पाठ फिरवायचा.

एके दिवशी दिवाकरची बायको वनमाला गुलाबरावच्या घरी आली. "भाऊजी, रातभर दम लागते यायले. माहं आयकत नाहीत, तुमचंच आयकतीन. दवाखान्यात घेऊन जा ना."

"ज्याच्यात दोघाईचा जोर आहे, त्याले दवाखाना कायले पायजे?"

वनमाला उठली. डोक्यावरचा पदर सारखा करून निघून गेली. ते बोलणं गुलाबरावलाच रात्रभर टोचत राहिलं. सकाळी स्वतःच घेऊन जाऊ त्याला, असं ठरवून तो बाजारात आला. पण दिवाकर समोरून येताना दिसला आणि जीभ उचलली नाही. उद्या बोलू, असं म्हणून त्यानं सुई हातात घेतली.

दुपारी नुसती आग पडत होती. "हव" ऐकू आलं आणि लगेच पोतं आपटल्याचा आवाज. गुलाबरावनं मान वर केली तर इंद्रजीत ओरडत होता आणि दिवाकर सांडलेल्या तांदळात आडवा.

गुलाबराव धावला. ओणवा होऊन त्यानं दिवाकरचं डोकं दोन्ही हातांवर घेतलं. "दिवाकर, ए दिवाकर! चाल, दवाखान्यात जाऊ. मी नेतो तुले. बोल ना बे माह्यासंगं!"

दिवाकरनं डोळे किलकिले केले. ओळख पटली तसा ओठांवर घाम असतानाही हसला.

"वाकू नोको असा," तो पुटपुटला. "पाठ दुखन तुही."

दवाखान्याची गाडी आली तेव्हा तो गेलेला होता. माणसांनी त्याला उचलून नेलं. गुलाबराव तिथंच, तसाच वाकलेला, रिकाम्या हातांनी तांदूळ चिवडत राहिला. इंद्रजीतनं खांद्याला धरून उठवायला पाहिलं, पण तो काही केल्या सरळ होईना.