ओतिलियाच्या बाहीतली मिगा

खाली बघा. आणखी खाली. भट्टीशेजारच्या पिठाच्या पोत्याला टेकून जी तपकिरी गुंडाळी पडलीय ना, तीच मी. माझं नाव मिगा. इथल्या बोलीत मिगा म्हणजे पावाचा चुरा. या बेकरीच्या दारात मी सापडले तेव्हा तेवढीच होते, म्हणून ओतिलियानं हे नाव ठेवलं. तिची धाकटी बहीण नीवेस तिला बजावत होती, नाव ठेवू नकोस, एकदा नाव ठेवलं की कुत्रं घरचं होतं. तोवर मी ओतिलियाच्या एप्रनच्या खिशात झोपलेही होते.

आमचं घर वालपराइसो या बंदराच्या शहरात, एका टेकडीवर आहे. निळ्या पत्र्याचं, समुद्राकडे तोंड करून. दारापर्यंत रस्ता येत नाही, नुसत्या पायऱ्या येतात. दोघी बहिणी पाव आणि खिम्याच्या एम्पानादा भाजतात. एम्पानादा म्हणजे करंजीच, पण पोट भरेल एवढी. ओतिलिया भट्टी सांभाळते आणि नीवेस टोपली घेऊन खाली बाजारात जाते. ओतिलिया मऊ, नीवेस खडखडीत. घरात भांडण नसेल त्या दिवशी मला चुकल्यासारखं होतं.

नीवेस टोपली घेऊन गेली की घरात आम्ही दोघीच. तेव्हाच मला ओतिलियाचं ते गुपित कळलं. काही तेलकट खाल्लं की तिच्या उजव्या बरगडीखाली कळ यायची. ती पिठाच्या पोत्यावर बसायची, चेहरा कणकेसारखा पांढरा व्हायचा. मी तिच्या पायावर हनुवटी टेकवायचे. कळ ओसरली की ती माझ्या कानात सांगायची, पित्ताशयात खडे आहेत, डॉक्टर म्हणतात काढून टाका. पण तिची आई अशीच एकदा चालत दवाखान्यात गेली होती, ती परत आली चौघांच्या खांद्यावर. "नीवेसला बोलायचं नाही हं," असं ती मला दर वेळी बजावायची. मी कुणाला बोलणार होते?

मग मी वयात आले आणि माजावर आले. माझ्या हातात काहीच नव्हतं, पण टेकडीवरचे झाडून सगळे कुत्रे आमच्या पायऱ्यांवर येऊन बसले. गिऱ्हाइकांना पाव घ्यायला वाट उरेना. सगळ्यांत पुढे शेजारच्या सेगुंदोकाकांचा तोरो, वासराएवढा दांडगा. सेगुंदोकाका जुने खलाशी. जावई आमच्याकडचाच होणार, असं म्हणून त्यांनी मिशीतल्या मिशीत हसून घेतलं. नीवेसनं झाडू उगारला, तो तोरोवर की काकांवर, ते कुणालाच कळलं नाही.

माज ओसरल्यावर नीवेस मला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. ओतिलिया मागोमाग आली, कुरकुरत. गर्भाशय काढून टाकायचं, हे ऐकताच तिनं मला छातीशी आवळलं. एवढ्याशा जिवाला भूल देणार, आणि नाही उठली तर? पास्काला डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी ओतिलियाचा हात धरून माझ्या पोटावर ठेवला.

"केवढीशी जागा आहे बघा. एखाद्या दांडग्या कुत्र्याचं पिल्लू इथं वाढलं तर बाहेर कुठून येणार? भुलीची भीती मलाही वाटते, म्हणून तर आधी रक्त तपासते. पण या दुसऱ्या गोष्टीची मला जास्त भीती वाटते."

ओतिलियानं बोटांनी ती जागा मापून पाहिली. मग हो म्हणाली.

घरात लगीनघाई सुरू झाली. टाके पडल्यावर अंघोळ बंद, म्हणून आधीच मला घासूनपुसून काढलं. माझी टोपली उंच खुर्चीवरून खाली जमिनीवर आली. खिडकीखालचं स्टूल हटवलं, कारण मला उडी मारायची बंदी होणार होती. टाके मी चाटू नयेत म्हणून अंगावर काहीतरी घट्ट हवं होतं. बाजारातले कुत्र्यांचे कपडे मला ढगळ व्हायचे. तेव्हा ओतिलियानं कात्री घेतली आणि स्वतःच्या पिवळ्या लोकरी स्वेटरची बाही कापली. चार पायांना चार भोकं पाडली. मी आत शिरले तर मापात! उरलेला एका बाहीचा स्वेटर घालून ती खुशाल बाजारात जाऊ लागली. नीवेस शरमेनं तिच्यापासून चार पावलं लांब चालायची.

सगळ्यांत वाईट गेली ती ऑपरेशनची सकाळ. पोट रिकामं हवं होतं, नाहीतर भुलीत खाल्लेलं उलटून छातीत जाण्याची भीती. पण भट्टीत एम्पानादा फुगत होत्या आणि माझं नाक काही उपाशी नव्हतं. मी ओतिलियाकडे पाहिलं. मला जमतं तसं पाहिलं. नीवेस पाठमोरी होती. ओतिलियानं खिम्याचा एक कण चिमटीत घेतला, हात माझ्या नाकापर्यंत आणला. मी जीभ काढली. तेवढ्यात तिनं मूठ मिटली आणि तो कण खिडकीतून चिमण्यांना फेकला.

"तू उपाशी तर मीही उपाशी," ती म्हणाली. त्या दिवशी तिनं चहासुद्धा घेतला नाही.

ऑपरेशनचं मला फारसं आठवत नाही. पायाला टोचलं, डॉक्टरीणबाईंचे हात साबणाच्या वासाचे होते, आणि मग जग विझलं. पुन्हा लागलं तेव्हा जीभ तोंडाबाहेर, पाय कुणा दुसऱ्याचे आणि दाराआडून एकच आवाज, "मिगा, ए मिगा, मी इथंच आहे गं." नंतर कळलं की ती सगळा वेळ दाराबाहेर उभी होती. खुर्ची दिली तरी बसली नव्हती. मी शेपूट हलवायला गेले, नुसतं टोक हललं. तिला तेवढंही पुरलं. ती रडली आणि नीवेस तिला रागावता रागावता स्वतः रडली.

पहिला दिवस मी पडून काढला. दुसऱ्या दिवशी उकडलेली कोंबडी खाल्ली आणि आणखी मागितली. तिसऱ्या दिवशी बाही वर सरकवून टाके चाटताना पकडले गेले, तेव्हा गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं आलं. मी दाराला आपटायचे, टेबलाला आपटायचे, पाण्याच्या भांड्यासकट चालायचे. सेगुंदोकाका म्हणाले, घरात दीपगृह आलं. पायऱ्या उतरायला बंदी, म्हणून नीवेस मला पावाच्या टोपलीत बसवून खाली न्यायची. एका बाईनं पाव घ्यायला फडकं उचललं तर आतून पिवळ्या बाहीतली मी! तिनं तिथंच बसकण मारली आणि हसू आवरल्यावर नेहमीपेक्षा जास्त पाव घेतले.

टाके काढायला गेलो तेव्हा माझ्या पोटावर एक बारीक रेघ तेवढी उरली होती. ओतिलिया त्या रेघेकडे बघत राहिली. मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "माणसांचंही असंच भरून येतं का हो?"

पास्काला डॉक्टरीणबाईंनी कात्री खाली ठेवली. त्या म्हणाल्या, मी जनावरांची डॉक्टर. पण हे विचारताना तुमचा हात उजव्या बरगडीखाली का गेला? किती दिवस दुखतंय?

ओतिलियानं हात चटकन खाली घेतला. नीवेस दारात उभी होती.

"ताई, किती दिवस?"

"दोन वर्षं झाली असतील."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"मिगाला सांगितलं होतं."

"कुत्रीला सांगितलंस!" नीवेसचा आवाज चिरकला. "मी रोज तुझ्याच ताटात जेवते आणि तू कुत्रीला सांगतेस?"

"तिला भीती वाटत नाही," ओतिलिया म्हणाली. "तुला वाटते. आई गेली तेव्हा तू आठवडाभर बोलली नव्हतीस. मला पुन्हा ते बघायचं नव्हतं."

नीवेस मला काखोटीला मारून सगळ्या पायऱ्या दणदण चढली. मग दारात थांबून म्हणाली, "भीती वाटेलच मला. वाटू दे. मी भीत भीत दाराबाहेर उभी राहीन. पण तू आत जायचंस."

आणि ओतिलिया ऑपरेशनला गेली. दवाखान्यात कुत्र्यांना प्रवेश नसतो, म्हणून मी सेगुंदोकाकांकडे थांबले. तोरो शहाण्यासारखा लांब बसला. नीवेस मात्र दाराबाहेर उभी राहिली, खुर्ची नाकारून. आत हाका जात नव्हत्या तरी तिनं मारल्याच, आणि नर्सकडून बोलणी खाल्ली.

ओतिलिया घरी आली ती स्वतःच्या पायांनी, दर वळणावर विसावा घेत. टेकडीवरच्या बायांनी खिडक्यांतून टाळ्या वाजवल्या. मी झेपावणार तोच नीवेसनं मला हवेतच धरलं. "उडी बंद, तिला टाके आहेत," ती म्हणाली. त्या आठवड्यात ओतिलियानं आणि मी एकच बिनतेलाची पेज खाल्ली, आणि उडी मारायला मी मोकळी झाले होते तरी तिच्या पायाशी जमिनीवरच झोपले.

आता ओतिलिया एम्पानादा भाजतेही आणि खातेही. मी लठ्ठ होत चाललेय, असं नीवेस म्हणते. पायऱ्यांवर शांतता आहे. तोरो कधीमधी येतो, नुसता मित्र म्हणून, आणि पावाचा तुकडा घेऊन जातो.

जाता जाता एक मागणं आहे. तुमची दुखणी आम्हाला खुशाल सांगा. आम्ही ऐकतो, कुठं बोलत नाही. पण आम्हाला डॉक्टरला बोलावता येत नाही, आणि दवाखान्याच्या दाराबाहेर उभं राहायला आम्हाला कुणी देत नाही. तेव्हा आम्हाला सांगून झालं की शेजारच्या खोलीत जे माणूस आहे ना, त्यालाही सांगा.