रुखसार सिस्टरचा तिसरा कान

मी नरसाळं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला पाहिलं की दहातले नऊ लोक हाच प्रश्न विचारतात. सुरगाण्याच्या डोंगरातल्या एका म्हातारीने तर मला उचलून विचारलं होतं, "सिस्टर, याच्यानं घासलेट वतता का?" मला इतकं लागलं म्हणून सांगू! पण आपलं रूपच तसं, एका बाजूला रुंद तोंड, मध्ये नळी आणि दुसऱ्या टोकाला चपटी चकती. कुणाला दोष द्यायचा?

मी एक फीटोस्कोप. आईच्या पोटावर माझं तोंड टेकवायचं, चकतीला कान लावायचा आणि आतल्या बाळाच्या काळजाचे ठोके ऐकायचे. मला बॅटरी लागत नाही, वायर लागत नाही, मोबाइलसारखं दर दोन वर्षांनी जुनंही व्हावं लागत नाही. कुणाला हा गर्व वाटेल, तर वाटू दे. मला अभिमान बाळगायला जागा आहे.

माझा जन्म अंबडच्या एका कारखान्यात, लेथवर झाला. जमीलभाई तिथे टर्नर आहेत. त्यांची मुलगी रुखसार हिला नर्सिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा तिने घरी पुस्तकातलं माझं चित्र दाखवलं. दुकानात विकत मिळतो की तयार! पण जमीलभाईंनी चित्र हातात घेतलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "ये तो मैं बना दूंगा." मालकाला विचारून ॲल्युमिनियमचा उरलेला तुकडा घेतला आणि शिफ्ट संपल्यावर मला घडवलं. आधी आरपार भोक, मग तोंडाचा फुगा, शेवटी पॉलिश. इंजिनाचे भाग करणारा माणूस पहिल्यांदाच कुणाच्या पोटावर ठेवायची वस्तू करत होता. कुठे धार राहू नये म्हणून त्यांनी मला आपल्या गालावर पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं.

त्यांचं घर इंदिरानगरच्या बाजूला. रुखसारने नर्स व्हायचं ठरवलं तेव्हा घरात आनंद होता, पण नातेवाइकांच्या जिभेला हाड कुठे असतं! एक चाचा म्हणाले, "इतने मार्क थे, और नर्स ही?" जमीलभाई शांतपणे म्हणाले, "हां भाई, नर्स. आप अस्पताल में पड़े थे तब पूरी रात कौन जागा था, याद है?" चाचांनी चहाचा कप तोंडाला लावला आणि विषय बदलला.

तीन वर्षांचं जीएनएम झालं. मग शहरातल्या एका खासगी इस्पितळात नोकरी. मी तेव्हा तिच्या बॅगेतच असायचो, कारण वॉर्ड मोठ्या माणसांचा होता. पण ऐकायचो मात्र सगळं. अख्ख्या वॉर्डाला एकच सिस्टर. इकडून "सिस्टर, सलाईन संपलं", तिकडून "सिस्टर, पंखा लागत नाही", जणू पंखाही तिनेच बसवलाय. बिल वाढलं तरी ओरडा तिच्यावर, डॉक्टर उशिरा आले तरी ओरडा तिच्यावर. एका पेशंटच्या भावाने तिच्या अंगावर पाण्याची बाटली भिरकावली. ती आत गेली, तोंड धुतलं आणि परत येऊन त्याच पेशंटचं ड्रेसिंग बदललं. हात जराही जोरात पडला नाही. मला तिचा राग आला होता, खरं सांगतो. एखादा चिमटा तरी काढायचास! पण तिच्या स्वभावात ते नव्हतंच.

ईद ड्युटीवर, बहिणीची मेंदी ड्युटीवर. अनवरीबी, म्हणजे तिची अम्मी, डबा घेऊन इस्पितळाच्या दारात उभ्या राहायच्या आणि लेकीने दोन घास उभ्या उभ्या खाल्ले की रिकामा डबा घेऊन परत फिरायच्या. नर्सच्या घरच्यांनाही नर्सिंग करावं लागतं, हे कुणी लिहीत नाही.

मग सुरगाणा तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात कंत्राटी जागा निघाली. तिथे कायमची सिस्टर बरेच दिवस नव्हती. यायची, पावसाळाभर टिकायची, बदली करून घ्यायची. पाड्यावरच्या बायांनी उपकेंद्राची वाटच सोडली होती. रुखसारने अर्ज केला आणि तिची निवड झाली. जमीलभाई जीपच्या थांब्यापर्यंत सोडायला आले. ती बसल्यावर खिडकीतून म्हणाले, "औजार साथ है ना?" औजार म्हणजे मी. त्या दिवसापासून मी बॅगेतून तिच्या खिशात आलो.

आता माझे खरे दिवस सुरू झाले. नागलीच्या शेतातून थेट तपासायला आलेल्या बाया, मातीने भरलेले पाय, लाजून तोंडावर घेतलेला पदर. उपकेंद्रात ठोके मोजायचं लहानसं मशीनही होतं आणि ते चांगलं होतं, मी उगाच कुणाचं नाव खराब करणार नाही. रुखसार मशीनही वापरायची आणि मलाही. आधी दोन्ही हातांनी पोट चाचपून बाळाची पाठ कुठे आहे ते शोधायची, मग मला तिथे टेकवायची. माझ्या नळीतून जे ऐकू यायचं, तसला आवाज जगात दुसरा नाही. घाईघाईने कुणीतरी कुठेतरी निघालं आहे, असं वाटायचं.

दिवाळी झाली की त्या भागातली अर्धी गावं रिकामी होतात. निफाड, दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत कामाला टोळ्याच्या टोळ्या जातात. त्या वर्षी सविता नावाची मुलगी तपासायला आली, तीही तशीच जायच्या वाटेवर. दिवस भरत आलेले. आधीचे महिने तिचे बाहेरगावच्या कामावरच गेले होते, त्यामुळे सोनोग्राफी राहिलेली. बाहेर रस्त्यावर जीप उभी होती, टपावर बोचकी बांधलेली. नवरा पुंजा जीपपाशी आणि सासू भागीबाई दारात.

"बाय, लवकर हात लाव न् सोड," भागीबाई म्हणाली. "गाडी सुटंल."

मशीनने ठोके दाखवले, छान होते. दुसरी कुणी असती तर गोळ्या देऊन वाटेला लावलं असतं. पण रुखसारचे हात पोटावरच थांबले. पोट महिन्यांच्या मानाने मोठं होतं आणि हाताला बाळाचे भाग जरा जास्तच लागत होते. तिने मला काढलं. डावीकडे खाली ठेवलं, ठोके आले. मग उजवीकडे वर ठेवलं. तिथेही ठोके, पण हे जरा अधिक घाईतले. मला कळलं. तिलाही कळलं. पण नर्स कळल्यावर बोलत नाही, खात्री झाल्यावर बोलते. एकाच बाळाचा आवाज दोन जागी पोचू शकतो आणि त्याची गती घडीघडीला बदलते. खात्री करायची तर दोन जणींनी दोन जागी एकाच वेळी ऐकायला हवं.

नशीब असं की त्या दिवशी वत्सलाबाई उपकेंद्राच्या तपासणीला आल्या होत्या. त्या म्हणजे भागातल्या सगळ्या उपकेंद्रांवर देखरेख ठेवणाऱ्या आरोग्य सहायिका. साधी नर्स म्हणून लागल्या, पायपीट करत करत वर चढल्या, आता निवृत्तीला आलेल्या. रागीट म्हणून प्रसिद्ध. त्यांच्या पिशवीत माझा एक जातभाई होता, काळ्या प्लॅस्टिकचा, कडा झिजलेला.

"मॅडम, जरा या बाजूला कान लावता?" रुखसार म्हणाली.

वत्सलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता चष्मा काढून ठेवला. दोघी दोन बाजूंनी वाकल्या. सविताच्या मनगटावर रुखसारचा एक हात, आईची नाडी मध्ये लुडबुडू नये म्हणून. दुसऱ्या हाताचं बोट तिने सविताच्या गुडघ्यावर ठेवलं. वत्सलाबाईंनी दुसऱ्या गुडघ्यावर. जसा ठोका ऐकू येईल तसं बोट आपटायचं, ही नर्सांची जुनी रीत.

टक टक टक टक. बाळ एकच असतं तर दोन्ही बोटं एकदम पडली असती. सुरुवातीला पडलीही. मग एक बोट पुढे गेलं, एक मागे राहिलं. पुन्हा क्षणभर जुळली आणि पुन्हा फाटली.

बाहेर जीपचा हॉर्न वाजत होता. पुंजा आत डोकावला. "झालं का नाय? मुकादम बोंब मारतोय. ही नाय आली तर जोडीची जागा जाईल आपली."

"दोन बाळं आहेत," रुखसार मान वर करून म्हणाली. "हिला पाठवू नका, दादा. बागेत कळा सुरू झाल्या तर तिथे काय कराल?"

"आमच्या बाया बागेतच बाळंत होत्यात, सिस्टर. तुम्ही लोक घाबरवता, न् मंग तुम्हीच बदली करून जाता."

खोटं नव्हतं ते. रुखसारने सविताचं मनगट मात्र सोडलं नाही. एवढ्यात भागीबाई पुढे आली. ती मघापासून पोटाकडे नाही, त्या दोन बोटांकडे बघत होती. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात रात्रंदिवस पावरी वाजवणाऱ्यांच्या तालावर नाचलेली बाई ती. "पुन्हा कर," ती म्हणाली. दोघींनी पुन्हा कान लावले. भागीबाईने थोडा वेळ ऐकलं, म्हणजे पाहिलं, आणि मान हलवली.

"एका वाजवणाऱ्याची चाल नाय ही. आत दोघं हायत."

आता आपल्या दोन्ही गुडघ्यांकडे बघत सविता हळूच म्हणाली, "मला केव्हाचं समजलंय. मी नाय जात."

भागीबाई बाहेर गेली, जीपच्या टपावरून दोन बोचकी खाली ओढली, एक सुनेचं आणि एक स्वतःचं. पुंजा बघतच राहिला. जीप गेली, जोडीची जागा सोडून तो एकट्याच्या मजुरीवर टोळीबरोबर गेला, जाताना दोनदा मागे वळून पाहिलं त्याने.

पुढच्या आठवड्यात सकाळीच कळा लागल्या. अँब्युलन्समधून घाट उतरताना रुखसार सविताजवळ बसली होती आणि मी तिच्या मुठीत घामाने निसरडा झालो होतो. वळणावळणाला ती मला टेकवून दोघांचे ठोके ऐकत होती. नाशिकच्या मोठ्या इस्पितळात पोचलो तर लेबर रूमच्या इन्चार्ज सिस्टरने दार उघडून एवढंच विचारलं, "काय आहे?" रुखसार म्हणाली, "जुळं. पहिलं डोक्याने, दुसरं आडवं वाटतंय." इन्चार्ज सिस्टरने मागे वळून डॉक्टरीणबाईंना हाक मारली आणि रुखसारला म्हणाली, "तुम्हीही आत या. पेशंट तुमची आहे."

पहिली मुलगी वाट माहीत असल्यासारखी आली. दुसरी खरंच आडवी होती. तिच्यासाठी ऑपरेशन करावं लागलं आणि रडायला तिने इतका उशीर लावला की माझ्या ॲल्युमिनियमलाही कापरं भरलं. मग रडली. अशी रडली की बाहेर बसलेल्या भागीबाईने भिंतीपलीकडून ओळखलं. "आली दुसरी!"

डॉक्टरीणबाई हात धुता धुता म्हणाल्या, "वेळेत आणलंत, सिस्टर. घरी किंवा रस्त्यात अवघड होतं." डिस्चार्ज कार्डावर आमचं नाव कुठेच आलं नाही. येत नसतंच. पण त्या दिवशी मी जगातला सगळ्यात श्रीमंत ॲल्युमिनियमचा तुकडा होतो.

परतीच्या वाटेवर रुखसार खूश होती आणि बेचैनही. वत्सलाबाईंना फोनवर म्हणाली, "मॅडम, ऐकता आलं मला. पण आत उभी होते तेव्हा वाटलं, अजून किती शिकायचंय." वत्सलाबाई म्हणाल्या, "मग शिक. माझ्या वेळी सोय नव्हती. आता बाळंतपणाचंच वरचं प्रशिक्षण निघालंय नर्सांसाठी. अर्ज कर, मी रागावून सांगते." तिने अर्ज केला, अभ्यास केला, परीक्षा दिली आणि निवड झाली. नर्स म्हणजे आयुष्यभर सुई टोचणारी, असं समजणाऱ्यांनी जरा आमच्या पोरीकडे बघावं.

निघायच्या दिवशी उपकेंद्राच्या ओसरीवर बाया जमल्या. भागीबाईच्या दोन्ही काखांत दोन नाती. सगळ्या चांगलं चांगलं बोलत होत्या, पण भागीबाई रुसलेली.

"तू शिकाया जातीस, जा," ती म्हणाली. "पण मंग आमच्या पोरींचं कोण ऐकंल?"

नवी सिस्टर आदल्या दिवशीच रुजू झाली होती. चांगुणा नाव, याच तालुक्यातली, नुकतीच पास झालेली. रुखसारने खिशात हात घातला आणि मला तिच्या हातावर ठेवलं. मला आधी वाटलं, दाखवायलाच काढलंय. पण तिने खिसा झटकला आणि ती जीपमध्ये बसली. रडली. तिच्या अब्बांनी गालावर फिरवून पाहिलेली वस्तू होती मी! रात्री चांगुणाने फोन करून विचारलं, "ताई, चुकून राहिलं का?" पलीकडून जमीलभाईंचाच आवाज आला, "नहीं बेटी. औजार वहीं रहता है जहां काम होता है."

आज तपासणीचा दिवस. चांगुणाची पहिलीच बाई टेबलावर आहे आणि भागीबाई नेहमीसारखी दारात उभी आहे, नव्या सिस्टरची परीक्षा घ्यायला. चांगुणाने मला पोटावर ठेवलं आहे आणि घाबरून घट्ट धरलं आहे. तिला काहीच ऐकू येत नाही. कसं येणार? बोटांची घासघास माझ्या अंगातून तिच्या कानात जाते, तिचं स्वतःचंच भय तिला ऐकू येतं आहे. मला फक्त कानाने दाबून धरायचं असतं, पोरी. मला बोलता आलं असतं तर एवढंच सांगितलं असतं, हात सोड. घडवणाऱ्याने सोडला, शिकायला जाणारीनेही सोडला, तूही सोड. मी पडत नाही.

आईची नाडी बघायला म्हणून तिने माझ्यावरचा हात काढला.

तिचे डोळे मोठे झाले. मग तिने दाराकडे न बघताच एक बोट ठोक्यांबरोबर भराभर आपटायला सुरुवात केली, आणि भागीबाई दारातून आत येऊन बसली.