उजेड उघडेपर्यंत

चंदनाकाकींच्या गच्चीवर सकाळचा उजेड एकदम येत नसे. आधी तो शेजारच्या पत्र्याच्या कडेवर येऊन बसे, तिथे काही न करता बराच वेळ रेंगाळे, मग पाण्याच्या टाकीची काळी पाठ हलकेच राखाडी करत खाली उतरे. कठड्याअलीकडे तो ताकासारखा फिका आणि थंड असे. कठडा ओलांडला की त्यात तुपाची झाक येई. दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडव्या ठेवलेल्या काठ्या, काठ्यांवर लोंबणाऱ्या शेवया, केसांहून जेमतेम जाड. उजेड त्यांच्यापर्यंत पोचला की आपल्याला कुठलीच घाई नसल्यासारखा एकेका धाग्यातून वेगवेगळा जाई. थोड्या वेळाने जिन्यावर पावले वाजत. शेवयांच्या पडद्यामागून एक सावली सरके, आणि कडेने एक हात पुढे येऊन तिरकी झालेली काठी सरळ करी.

हे सारे आर्जवने एका फेब्रुवारीत मोबाइलवर टिपले होते आणि काकींच्या शेवयांच्या वेबसाइटवर सर्वांत वर लावले होते. सावली ब्राह्मीची होती. हातही तिचाच.

काकींचे गाव सांगलीपासून जवळच, वारणेच्या काठी. काकींच्या घरी चार बाया तिरक्या पाटावर कणीक घासून लांब शेवया काढत. ब्राह्मी ही काकींच्या बहिणीची मुलगी. कॉलेज संपल्यापासून ती मावशीकडे राहून मागण्या आणि पार्सले सांभाळत होती. आर्जव सांगलीत एका खोलीत बसून दवाखान्यांच्या आणि ट्रॅक्टरच्या शोरूमच्या वेबसाइटी करी. बोलण्यापेक्षा लिहिणे त्याला सोपे जाई, आणि लिहिण्यापेक्षाही दुरून पाहणे. काकींचे काम ब्राह्मीनेच त्याच्याकडे आणले होते.

पण ती वेबसाइट कुणाला सापडत नव्हती, आणि सापडली तर उघडत नव्हती. एरवी आर्जवने हे शांतपणे घेतले असते. मात्र पाचगणीच्या एका निवासी शाळेने ब्राह्मीला कार्यालयातली नोकरी देऊ केली होती आणि अक्षय तृतीयेपर्यंत कळवते, असे तिने सांगितले होते. त्या दिवसापासून आर्जवच्या मनात एक साधा हिशेब बसला होता: मागण्या वाढल्या तर घरी काम वाढेल, काम वाढले तर ती राहील. हा हिशेब त्याने कुणालाच सांगितला नव्हता. सांगितला असता तर कुणीतरी तो तपासला असता.

चैत्रातल्या एका दुपारी तो लॅपटॉप घेऊन काकींच्या घराच्या पुढच्या सोप्यात बसला होता. काकींनी आपल्या फोनवर वेबसाइट उघडायला घेतली. पडद्यावर एक वर्तुळ फिरत राहिले. काकींनी तेवढ्यात चहा गाळला, कप त्याच्यापुढे ठेवला, परत येऊन बघितले. वर्तुळ फिरतच होते.

"आर्जव बाळा," काकी म्हणाल्या, "तुझा त्यो उजेड उघडंस्तवर माझ्या शेवयांची खीर हुतीया."

शेवया काढणाऱ्या चौघींतली मनुबाई पाटावरून हसली. ब्राह्मी हसली नाही. तो व्हिडिओ मात्र छान झाला आहे, असे ती म्हणाली, आणि आर्जवला चहा फार गरम लागला.

त्याच वेळी काकींचा फोन वाजला. बोलणारा आकाराम होता, मूळचा विट्याचा. त्याचे सोने गाळायचे दुकान तिकडे कोइमतूरला होते. आपल्या बहिणीकडून नंबर मिळाल्याचे सांगून त्याने आधी घरचे, पावसाचे, उसाचे सगळे विचारून घेतले आणि मग तक्रार मांडली.

"आवं काकी, फोनवर हुडकून हुडकून दमलो. पाटावरच्या शेवया असं बोललो त्यात, तर देवघरातलं पाट दाखवाय लागला. चौरंग दाखवला. लग्नातलं चांदीचं पाट दाखवलं. पर तुमी काय दिसला न्हाईसा."

काकींनी आर्जवकडे पाहिले. आर्जवने लॅपटॉपकडे. आपल्या त्या सुंदर पानावर त्याने लिहिले होते, 'हस्तनिर्मित गोधूम-शेवया'. हा शब्द त्याने दोन रात्री घोळवून निवडला होता. 'पाटावरच्या' हा शब्द त्याला घरगुती, अपुरा वाटला होता; जगासमोर जायचे तर शेवयांनी जरा नीट कपडे करून जावे, असे त्याला वाटले होते. आणि जग तर पाटापाशीच उभे राहून विचारत होते.

"गोधूम म्हंजी काय रं?" फोन ठेवल्यावर काकींनी विचारले.

"गहू," आर्जव म्हणाला.

"मग गहूच म्हनावं की. गव्हाला काय वाईट वाटत न्हाई."

त्यानंतरचे काही दिवस त्याने मन लावून काम केले. पानाचे नाव बदलले: 'पाटावरच्या शेवया'. ज्या नक्षीदार अक्षरांवर त्याचा जीव होता ती काढून साधी, लवकर उमटणारी अक्षरे घातली. फोटो हलके केले आणि त्यांना यंत्राने दिलेल्या आकड्यांऐवजी नावे दिली. लोक फोनवर काय विचारतात हे काकींना विचारून, शेवया किती टिकतात, खिरीला दूध किती लागते, अशा प्रश्नांची उत्तरे काकींच्याच भाषेत लिहिली. नकाशावर घराची खूण लावली. काकी त्याला रोज दिवस मावळायच्या आत जेवायला बसवीत. जैनांच्या त्या घरात दिवेलागणीनंतर कुणी घास घेत नसे, आणि दारी आलेल्यालाही उजेडातच वाढण्याची रीत होती.

ब्राह्मी अधूनमधून शेजारी येऊन बसे आणि एकेक गोष्ट सुचवी. मागणी आली की निरोप मावशीच्या फोनवर जाऊ दे, माझ्या नको. अक्षर मोठे ठेव, मावशीला चष्मा सापडत नाही. पत्त्याची चिठ्ठी एका बोटाने छापता आली पाहिजे. आर्जव मान डोलावी आणि करून देई. स्वतःला मागे ठेवण्याचा हा तिचा स्वभावच आहे, असे तो मनाशी म्हणे, आणि त्या स्वभावाचे त्याला कौतुक वाटे.

व्हिडिओ त्याने अगदी शेवटपर्यंत ठेवला. पानाचे जवळजवळ सारे ओझे त्याच्यातच होते, हे त्याला पहिल्या तासात कळले होते. त्याने तो आधी लहान केला, मग धूसर केला, मग अर्धा कापला. दर वेळी पहिला भाग गेला आणि सावली राहिली. अखेर एका सकाळी गच्चीवर त्या खऱ्या उजेडात बसून त्याने तो काढून टाकला. त्याच्या जागी एक स्थिर फोटो आला: काठी, शेवया, मागे कठडा. माणूस कुणीच नाही. पान बोट लावताच उघडले.

शोधयंत्राला नवी ओळख पटायला वेळ लागतो; तो वेळ गेला. मग पहिली मागणी साताऱ्याहून आली. नवरा फौजेत, सुट्टीवर येतोय, त्याला पाटावरच्याच शेवया लागतात, असे त्या बाईने खाली लिहिले होते. ब्राह्मी पुढे होणार तोच काकींनी हात केला. त्यांनी चष्म्याशिवाय मागणी वाचली, एका बोटाने पत्ता छापला, खोक्यावर चिकटवला आणि सगळ्यांकडे असे पाहिले की मनुबाईने पाटावरून उठून त्यांच्या गालांवरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलांवर बोटे मोडली.

त्या आठवड्यात मागण्या येत राहिल्या. आकारामने तर कोइमतुरातल्या आपल्या गाववाल्यांचीही मागणी घातली. काकींनी पाचवी बाई लावली. आर्जवचा हिशेब अगदी बरोबर सुटला होता.

अक्षय तृतीयेच्या दुपारी तो आला तेव्हा जिन्याजवळ एक बॅग भरलेली होती. ब्राह्मीने त्याच्या हाती शेवयांचा एक पुडा ठेवला आणि पाचगणीला होकार कळवल्याचे सांगितले. तिचा चेहरा इतका मोकळा त्याने कधी पाहिला नव्हता. आता मावशीची काळजी उरली नाही, असे ती म्हणाली. त्याचे आभार मानले. ते आभार खरे होते, म्हणून तो खाली बघत राहिला.

"मला वाटलं होतं," तो म्हणाला, "काम वाढलं तर..."

ब्राह्मीने, गच्चीवर काठी सरळ करायची तसा, त्याच्या हातातला तिरका झालेला पुडा सरळ केला.

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की रे तुला," ती हळूच म्हणाली.

सांगितले होते. त्याच सोप्यात, पहिल्याच चहावर. त्याने ऐकलेही होते. ब्राह्मीने ती वेबसाइट आपल्यावाचून मावशीचे चालावे म्हणूनच करून घेतली होती.