टाळीची जागा

गायकाने हात वर केला आणि तिने कडकडून टाळी वाजवली. गाणं मात्र चालूच राहिलं. पुढच्या रांगेतली दोन-तीन डोकी वळली, तेव्हा ती ओशाळून हात मांडीखाली दाबून बसली. मग तिच्या ध्यानात आलं, की टाळी आपल्या एकटीची नव्हती. मागे कुठून तरी, त्याच क्षणाला, आणखी एक वाजली होती.

तिला मागे वळून बघायचा धीर होईना.

तिच्या लाडक्या रॉक बँडच्या मैफलीचा हा चित्रपट नव्याने साफसूफ करून थिएटरात लागला होता. लहानपणी तिने तो शंभरदा पाहिला होता, पण टीव्हीवरून उतरवून घेतलेल्या कॅसेटवर. तो उतरत असतानाच आईने चुकून भलतंच बटण दाबलं, दुसरं चॅनल लागलं आणि या गाण्याच्या ऐन रंगात, कुंड्यांतल्या रोपांची निगा कशी राखावी हे सांगणारे एक गृहस्थ येऊन बसले. पोरांनी घर डोक्यावर घेतलं. आई म्हणाली, संपलंच असेल रे ते, माणूस ओरडून ओरडून किती ओरडणार? तेव्हापासून गायकाचा हात वर गेला की ती आणि धाकटा भाऊ टाळी वाजवून मोकळी होत आणि कुंडीवाल्याने तोंड उघडायच्या आत कॅसेट पुढे पळवत. असल्या भलत्या जागी टाळी वाजवणारं माणूस साऱ्या जगात आणखी एकच होतं.

त्याच्याशी ती बोलत नव्हती. शेवटी शेवटी आईला अंथरुणातून उठवेना, तेव्हा त्याने तिला शुश्रूषागृहात ठेवलं आणि हिला मागाहून कळवलं. हिने चार नातेवाइकांसमोर त्याला वाट्टेल ते सुनावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं,

"मग तू का नाही नेलंस तिला?"

ते तिला फार झोंबलं. आई गेली त्या दिवशीही दोघं खोलीच्या दोन टोकांना उभी होती.

पडद्यावर आता तिने कधीच न पाहिलेला भाग चालला होता. गिटारवाल्याची, म्हणजे या दोघांच्या झिपऱ्याची, तार तुटली आणि तो गांगरला. बेस गिटारवाल्याला ती दोघं मुकादम म्हणत, कारण तो कायम आठ्या घालून मागे उभा असे. तो दोन पावलं पुढे आला आणि झिपऱ्या गिटार बदलून येईपर्यंत अख्खं गाणं त्याने एकट्याने तोलून धरलं. मग परत मागे गेला, पुन्हा आठ्या घालून. या माणसाला आपण जन्मभर आखडू समजत आलो, याचं तिला फार वाईट वाटलं.

गाणं संपलं. सगळं थिएटर टाळ्या वाजवत होतं, तेव्हा तिने शेजारच्या रिकाम्या खुर्चीवरची पर्स आणि स्वेटर उचलून मांडीवर घेतलं. तो नसेलही. असला तरी कशाला येईल? पुढचं गाणं सुरू झालं, निम्मं झालं. खुर्ची तशीच होती. ती पडद्याकडे बघत राहिली, पण तिला काही दिसत नव्हतं.

मग रांगेच्या टोकाला कुणीतरी हळू आवाजात लोकांना पाय बाजूला घ्यायला सांगितलं आणि तो येऊन बसला.

तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. केस विरळ झाले होते. चष्मा लागला होता, आणि तो एका बाजूला उचलल्यासारखा तिरका बसला होता. तिचं स्वतःचं चष्म्याचं दुकान होतं. गावभरच्या नाकांवर तिने चष्मे बसवले होते.

"कधी लागला?" तिने विचारलं.

"झाली बरीच वर्षं."

"आणि असा कुणी बसवून दिला?"

त्याने चष्मा काढून तिच्या हातात दिला आणि काही धड दिसत नसताना पडद्याकडे बघत थांबला.