पेटीचा भाता

“अजी, जरा दमानं. तुमची बोटं घोड्यावर बसल्यावानी पळायलीत,” अन्वरी म्हणाली.

“तू भाता सोडू नको. आत्ता कुठं रंगात आलंय,” मुनवर म्हणाला आणि त्याचे दोन्ही हात पेटीवर पुन्हा पळू लागले.

एका हातानं पेटी वाजवायची आणि दुसऱ्या हातानं भाता मारायचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण मुनवरला दोन्ही हात पट्ट्यांवरच लागत. डाव्यानं ठेका, उजव्यानं उनाडक्या. कारण तो मुळात पेटीवाला नव्हताच, पियानोवाला होता. निजामाच्या काळात सिकंदराबादच्या एका क्लबात तो बेअरा होता. गोव्याचे वादक जॅझ वाजवायचे ते हातात ट्रे धरून ऐकायचं, आणि दुपारी पियानो पुसायच्या निमित्तानं तेच बोटांनी चाचपून बघायचं, एवढीच त्याची शाळा. गुरू नाही, कागदावरचे सूर वाचता येत नाहीत. तरी पुढं पुढं पियानोवाला आजारी पडला की साहेबलोक यालाच बसवू लागले. मग पोलीस ॲक्शन झाली, क्लबाला कुलूप लागलं आणि पठ्ठ्या उमरग्याला येऊन हमरस्त्यावर ट्रकांची पंक्चरं काढू लागला. उमरगा हैदराबादेतून मुंबई राज्यात गेलं, पण गावात पियानो काही आला नाही. भजनी मंडळानं अडगळीत टाकलेली पेटी तेवढी मिळाली, आणि समोर बसून भाता मारायचं काम अन्वरीकडं आलं.

संध्याकाळी दुकान बंद झालं की हे सुरू व्हायचं. दाराला पडदा, आणि बाहेर ओट्यावर शेजारचा हॉटेलवाला कल्याणप्पा व चार-दोन ड्रायव्हर. ‘मुनवरचं इंग्रजी’ असं त्यांनी या वाजवण्याचं नाव ठेवलं होतं. कल्याणप्पाला मात्र एकच कोडं सुटत नव्हतं.

“यप्पा, दोन्ही हातानं वाजवतोस, मग वारा कोण घालतंय? जिन पाळलास काय रे?”

“पायानं घालतो, अप्पा,” मुनवर ठोकून द्यायचा. आपलं वाजवणं बायकोच्या जिवावर चालतं, हे चार माणसांत सांगायचं कसं? पडद्याआड अन्वरी तोंडाला पदर लावून हसायची.

एकदा हैदराबादला निघालेली एक मोटार पंक्चर झाली. मालक मुंबईतल्या एका बड्या हॉटेलातला बँडमास्तर. पंक्चरवाल्याला शोधत तो दारापर्यंत आला आणि पडद्याबाहेर खिळून उभा राहिला. चाक राहिलं बाजूला. सूर किंचित मागं रेंगाळायचा आणि मग झेप घ्यायचा, त्या रेंगाळण्यानं तो वेडा झाला.

“असा झोका मी मुंबईत ऐकला नाही,” मुनवर बाहेर आल्यावर तो म्हणाला. “हिवाळ्यात ये. पियानो देतो तुला.”

मुनवरचे पाय जमिनीवर ठरेनात. घरात येऊन अन्वरीला बघितलं, तेव्हा कुठं ते टेकले. “तुला टाकून कसं जाऊ?”

“जावा की. पियानोला भाता नसतोय न्हवं? मग माझं काय अडलंय तितं?” ती हसली आणि हसता हसता खोकली. चूल धुपतीय, असं मनाशी म्हणून मुनवरनं ते कानाआड केलं.

मुंबईत खरा पियानो मिळाला. काळा कोट मिळाला, वर झुंबरं, समोर नाचणारी जोडपी. जन्मभर ज्याची आस धरली ते हाताखाली होतं. पण महिनाभरातच बँडमास्तरनं त्याला बाजूला घेतलं.

“हात तयार आहे तुझा. पण तो झोका कुठं ठेवून आलास? त्याच्यासाठी तर तुला आणलं.”

मुनवरनं हरतऱ्हा करून पाहिलं. बोट उशिरा टाकलं, ठेका ताणला. काही केल्या जमेना. आणि मग एका दुपारी रिकाम्या हॉलमध्ये वाजवताना त्याच्या डोक्यात उजेड पडला. सूर मागं राहायचा तो त्याच्या बोटांमुळं नव्हताच. वारा उशिरा यायचा! तो झोका अन्वरीचा होता. आधी त्याला लाज वाटली, मग आनंद मावेना. हे तिला सांगायचं, ओट्यावरच्या सगळ्यांदेखत सांगायचं, एवढ्यासाठी त्यानं कोट परत केला आणि सोलापूरची गाडी धरली.

घरी अन्वरी अंथरुणाला खिळली होती. छातीचा रोग. डॉक्टरांनी हात टेकले होते. उशाशी शेजारची कडूबाई होती.

“कळवू नगा म्हनली. शपथ घातली मला,” कडूबाई डोळे पुसत म्हणाली.

मुनवरनं अन्वरीचा हात हातात घेतला. हाडं लागली. “अगं, तितं माझं काय चाललं न्हाय. तो मास्तर येडा झाला तो तुझ्या हातामुळं. तू वारा अडवून धरायचीस आन् मग सोडायचीस. कुठं शिकलीस गं?”

अन्वरीला आधी कळेचना. मग ती हसली.

“अडवते कशाला? मला दम लागायचा. जरा थांबलं की हात परत चालायचा. तुमी लई रंगात असायचे, म्हनून बोलले न्हाय.”

मुनवरचं काळीज फाटलं. ज्या झोक्यावर तो दिवसेंदिवस नाचला, ती त्याच्या बायकोची धाप होती. अख्ख्या बँडमधला एक चुकलेला सूर त्याच्या कानातून सुटत नसे, आणि हातभर अंतरावर बसलेल्या बाईचा श्वास त्यानं कधी ऐकला नव्हता. तो तिच्या हातावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. ती त्याला उगी उगी म्हणत राहिली.

ती त्याच आठवड्यात गेली.

चाळिसाव्या दिवसाचा फातिहा झाला. ओट्यावर एकट्या बसलेल्या मुनवरपाशी कल्याणप्पा चहा घेऊन आला आणि भीतभीत म्हणाला, “वाजव की रे तुझं इंग्रजी. जरा जीव हलका हुईल.”

“आता न्हाय व्हायचं, अप्पा.”

“का? पाय हाईत की.”

“पायानं न्हवतं. अन्वरी घालायची वारा. तुमी ऐकायचे ते अर्धं तीच वाजवायची. म्या सांगितलं न्हाय कुणाला.”

कल्याणप्पानं हातातला चहा खाली ठेवला. मग त्यानं बाह्या सारल्या आणि उठून उभा राहिला.

“चल आत. म्या मारतो भाता.”

मुनवरनं त्याच्या रुंद छातीकडं बघितलं आणि त्याचा हात धरून त्याला पुन्हा खाली बसवलं.

“तुमची छाती धड हाय, अप्पा. तुमाला न्हाय जमायचं.”