उणे भरलेले

रोमन लढायांचे वृत्तांत शिकवण्यात सरांचे केस पिकले. विद्यार्थी पाठीमागे त्यांना ‘कात्री’ म्हणत, कारण अनुवादात गुळमुळीत शब्द दिसला की सर तो कापणार म्हणजे कापणारच. ते सांगत, हे रोमन लेखक भारी बेरकी. शत्रूची माणसं पडली की सरळ ‘मारली’ लिहितात आणि स्वतःची पडली की ‘उणी भरली’, जणू मोजणाराच कुठे चुकला. आपण ‘मारले गेले’ असंच लिहायचं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही.

त्याच वर्गातली एक मुलगी पुढे त्यांची सून झाली आणि त्यांचा एकुलता एक मुलगा लढाईवर गेला तो परतलाच नाही. त्याला पडताना पाहिलेले दोघे सोबती घरी येऊन, खाली मान घालून सांगून गेले. सरांनी त्यांना चहा दिला, दारापर्यंत पोचवलं आणि त्या दिवसापासून घराला कुलूप म्हणून लावलं नाही. कुठे जायचं तर सासरा-सुनेपैकी एकानं मागे राहायचं. पोरगा आला आणि कुलूप बघून माघारी गेला तर काय, असं त्यांचं म्हणणं. सुनेनं वाद घातला नाही. म्हाताऱ्या जिवाला कशाला दुखवायचं, असं तिला वाटे, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला तिलाही ते बरं वाटे.

आता तिला दुसऱ्या गावी चांगली नोकरी चालून आली होती आणि उद्या होकार कळवायचा होता. सर घर सोडायला तयार नव्हते आणि त्यांना एकटं टाकून जायला तिचं मन धजेना. तो विषय टाळत दोघं सरांनी केलेल्या त्या वृत्तांतांच्या अनुवादाची छापील प्रुफं तपासत बसले होते. ती मोठ्यानं वाचायची, सर मूळ लॅटिन पुस्तकावर बोट ठेवून ऐकायचे.

“त्या दिवशी शत्रूचे असंख्य लोक मारले गेले,” तिनं वाचलं. “आपले सातशे उणे भरले.”

तिनं पुढची पानं चाळली. सगळीकडे उणेच भरले होते. एकही रोमन शिपाई मेला नव्हता.

लग्नानंतर ती त्यांना बाबाच म्हणायची, पण आज तोंडून जुनंच संबोधन निघालं.

“सर, मी असं लिहिलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?”

“मुळात तसंच आहे गं,” सर म्हणाले.

“मुळात तेव्हाही तसंच होतं.”

सरांनी पेन उचललं. तिनं पान धरून ठेवलं. त्यांनी ‘उणे भरले’ खोडलं आणि समासात ‘मारले गेले’ लिहिलं. पुढच्या पानावर तेच केलं, त्याच्या पुढच्याही. मध्येच त्यांना रडू फुटलं, पण थांबले नाहीत. ती पानं उलटत गेली आणि तीही रडत होती.

शेवटचं पान झाल्यावर सरांनी चष्मा पुसला.

“आपलं ते मोठं कुलूप कुठं ठेवलंय गं?” त्यांनी विचारलं. “गंजलं असेल. तेल घालायला हवं.”